चित्रातली चिठ्ठी: लेबलवर किती विश्वास ठेवायचा?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत लिओनार्दो लोरेदानचं एक चित्र आहे. लोरेदान हा व्हेनिसचा दोजे, म्हणजे त्या गणराज्याचा प्रमुख. जोव्हान्नी बेल्लिनीने ते १५०१-०२ च्या सुमारास काढलं. निळी पार्श्वभूमी, पांढरा जरीचा झगा, करारी चेहरा. पण मला तुमचं लक्ष वेधायचंय ते चित्राच्या तळाशी. तिथे एक कठडा आहे आणि कठड्यावर कागदाची एक लहानशी चिठ्ठी चिकटवल्यासारखी दिसते. घडी घालून खिशात ठेवलेला कागद उलगडल्यावर दिसतो तसा. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय ‘इओआनेस बेलिनुस’. बोटाने सोलून काढावी असं वाटतं. पण तिथे कागद नाहीच. सगळा रंग आहे.

या प्रकाराला इटालियनमध्ये ‘कार्तेल्लिनो’ म्हणतात. कार्ता म्हणजे कागद, त्यावरून आलेला शब्द. आपण साधं ‘चितारलेली चिठ्ठी’ म्हणू. मागच्या लेखानंतर काही वाचकांनी विचारलं होतं, की रंगद्रव्यांचं रसायन शिकणाऱ्या माणसाला कलेच्या इतिहासाचं काय पडलंय? त्याचं उत्तर या चिठ्ठीत आहे. संशोधनाच्या पहिल्या वर्षात जो प्रश्न सगळ्यात जास्त छळतो तो हाच: वस्तूवर जे लिहिलंय ते वस्तूबद्दलचं सत्य आहे का? बाटलीवरचं लेबल, नमुन्याच्या पिशवीवरचा आकडा, संग्रहालयातली पाटी, जुन्या पेपरवरचं लेखकाचं नाव, सगळीकडे तोच प्रश्न.

आधी हे करतात कसं ते बघू. चित्र जवळपास पूर्ण झालं, खालचा थर वाळला, की शेवटी चिठ्ठी काढायची. शिशाच्या सफेद्यात किंचित पिवळट छटा मिसळली की कागदाचा रंग मिळतो. मग घड्यांच्या रेषा: प्रत्येक घडीला एक बाजू उजळ, दुसरी बाजू मंद. कोपरा थोडा वर वळलेला आणि त्याच्याखाली सावली. ही सावली महत्त्वाची, कारण चित्रातल्या माणसावर उजेड ज्या बाजूने पडतो त्याच बाजूने तो चिठ्ठीवरही पडायला हवा. ते जमलं की डोळा फसतो. काही चित्रकार टाचणी काढत, काही लाल लाखेचा ठिपका. म्हणजे ज्या जागी चित्रकार आपलं नाव सांगतो, नेमक्या त्याच जागी तो सगळ्यात मोठी फसवणूक करत असतो. मला यातली गंमत अजून पुरती पचलेली नाही.

या पद्धतीचं अगदी सुरुवातीचं, तारीख असलेलं उदाहरण फ्रा फिलिप्पो लिप्पीचं. तार्क्विनियाची मॅडोना म्हणून ओळखलं जाणारं त्याचं चित्र रोमच्या पलाझ्झो बार्बेरिनीत आहे. त्यात सिंहासनाच्या पायथ्याशी चिठ्ठी आहे आणि तिच्यावर साल आहे १४३७. पण चिठ्ठ्यांचं पीक आलं ते पादुआ शहरात, फ्रान्चेस्को स्क्वार्चोने नावाच्या माणसाच्या कार्यशाळेत. हा स्वतः फार मोठा चित्रकार नव्हता, पण शिष्य भरपूर जमवायचा, काहींना तर दत्तकही घ्यायचा. त्याच्या दोन शिष्यांची गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटेल. जोर्जो स्क्यावोने याने चिठ्ठीवर आपल्या नावासोबत ‘स्क्वार्चोनेचा शिष्य’ असं लिहून ठेवलं. हे चित्रही लंडनलाच आहे. दुसरा आंद्रेया मांतेन्या. तो १४४८ मध्ये गुरूच्या घरातून बाहेर पडला, करार मोडावा म्हणून कोर्टात गेला आणि १४५६ मध्ये त्याच्या बाजूने निकाल लागला. एकाने गाइडचं नाव आपल्या कामावर मिरवलं, दुसऱ्याने गाइडवर खटला भरला. पाचशे वर्षांत फारसं काही बदललेलं नाही.

आता बेल्लिनीकडे परत येऊ, कारण ‘इओआनेस बेलिनुस’ ही चिठ्ठी दिसते तेवढी सरळ नाही. बेल्लिनीची कार्यशाळा मोठी होती. मॅडोना आणि बाळ या विषयाला मागणी प्रचंड. मूळ आराखडा गुरूचा, त्यावरून शिष्य चित्र रंगवायचे आणि तयार चित्रावर चिठ्ठी लागायची ती बेल्लिनीच्या नावाची. यात त्या काळी कुणाला लबाडी वाटत नव्हती. चिठ्ठीचा अर्थ ‘हे माझ्या हाताने काढलं’ असा नसून ‘हे माझ्या दुकानातून गेलं, दर्जाची जबाबदारी माझी’ असा होता. आपण आज सहीचा जो अर्थ घेतो तो नंतरच्या काळाचा. तो अर्थ घेऊन जुन्या चित्रांकडे गेलं की गोंधळ होतो: सही आहे म्हणून मूळ, सही नाही म्हणून नक्कल, असले निष्कर्ष. प्रयोगशाळेतून निघणाऱ्या पेपरवर शेवटचं नाव कुणाचं असतं आणि पिपेट कुणी धरलेली असते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजावायला नको.

पण खरी मजा येते ती अंतोनेल्लो दा मेस्सीना या सिसिलीच्या चित्रकाराच्या एका चिठ्ठीत. चित्र ‘साल्व्हातोर मुंदी’, म्हणजे जगाचा तारणहार ख्रिस्त. हेही लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. कठड्यावर सुरकुतलेली चिठ्ठी, तिच्यावर अक्षरांत साल लिहिलंय एक हजार चारशे पासष्ट, पुढे ‘आठवी इंडिक्शन’ आणि मग ‘मेस्सीनाच्या अंतोनेल्लोने मला रंगवलं’.

इंडिक्शन म्हणजे काय? रोमन साम्राज्यातलं पंधरा वर्षांचं करआकारणीचं चक्र. साम्राज्य गेलं, कर गेला, पण चक्राचा आकडा सरकारी कागदांवर लिहायची सवय मध्ययुगभर राहिली. आकडा काढायचं गणित सोपं आहे. सालात ३ मिळवा, १५ ने भागा, बाकी उरेल ती इंडिक्शन. बाकी शून्य आली तर पंधरावी. आता करून बघा: १४६५ अधिक ३ म्हणजे १४६८, १५ ने भागल्यावर बाकी १३. म्हणजे १४६५ साली तेरावी इंडिक्शन हवी. चिठ्ठीवर आठवी आहे. आठवी कधी येते? १४६० मध्ये आणि १४७५ मध्ये.

एकाच माणसाने, एकाच चिठ्ठीवर, एकाच ओळीत लिहिलेल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत.

आपल्याकडे याची अगदी तंतोतंत बहीण आहे. मराठी शिलालेखात, जुन्या पत्रात शकाचा आकडा असतो आणि शेजारी संवत्सराचं नाव. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सर. संवत्सरं साठ, चक्र साठ वर्षांचं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा: १६०८ भागिले ६०, बाकी ४८. संवत्सरांच्या यादीत अठ्ठेचाळिसावं नाव आनंद. जुळलं. तिथी आणि वारही दिलेला असेल तर तपासणी आणखी कडक होते. आपल्या इतिहाससंशोधकांनी बनावट कागद ओळखायला हे हत्यार भरपूर वापरलंय. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर एकाच राशीची दोन स्वतंत्र मोजमापं आहेत. ती जुळली तर विश्वास वाढतो. नाही जुळली तर दोघांपैकी एक चुकलंय इतकंच कळतं. कुठलं चुकलं, ते त्या दोघांकडे बघून कळत नाही. बाहेरचा तिसरा पुरावा लागतो.

अंतोनेल्लोच्या बाबतीत हा हिशेब नुसता कागदी नाही. १४७५-७६ मध्ये तो व्हेनिसला होता. तेलरंगात, फ्लेमिश चित्रकारांसारखं बारीक काम करणं त्याला कधीपासून जमत होतं, व्हेनिसच्या चित्रकारांनी त्याच्याकडून काय उचललं, या सगळ्याचा क्रम तारखांवर उभा आहे. हे चित्र १४६५ चं असेल तर त्याच्या नावावर असलेलं तारखेचं सगळ्यात जुनं काम ठरतं. १४७५ चं असेल तर चित्र वेगळंच दिसायला लागतं. एक आकडा दहा वर्षं सरकला की दोन शहरांमधल्या देवाणघेवाणीची गोष्ट सरकते.

मग तिसरा पुरावा कुठे? चित्रातच बघू. ख्रिस्ताचा आशीर्वादाचा हात चित्रकाराने आधी वेगळ्या जागी काढला होता, मग तो झाकून बोटं आपल्या दिशेने येतील असा नव्याने काढला. गळ्याची किनारही बदलली. जुन्या हाताची छाया आज नुसत्या डोळ्यांनीही दिसते, कारण तेलरंग जुना झाला की अधिक पारदर्शक होत जातो. शिशाचा सफेदा आणि तेल यांची हळूहळू रासायनिक क्रिया होते, थराचा अपवर्तनांक वाढतो आणि खालचं वर डोकावतं. पण हे बदल त्याच महिन्यातले की काही वर्षांनंतरचे? नुसत्या छायेवरून ते ठरत नाही. मला स्वतःला वाटतं, लेखनिकाची चूक इंडिक्शनमध्ये होण्याची शक्यता जास्त. अक्षरांत लिहिलेलं साल चुकणं अवघड, चक्राचा आकडा चुकणं सोपं. पण हे माझं वाटणं झालं. परीक्षकाने विचारलं तर मी ‘१४६५ किंवा १४७५’ असंच लिहीन.

याच अंतोनेल्लोचं आणखी एक चित्र आहे, ‘अभ्यासिकेत संत जेरोम’. पुस्तकांनी भरलेली लाकडी अभ्यासिका, पायऱ्या, मोर, मागे सावलीत सिंह. अभ्यासिकेच्या लाकडावर एक चिठ्ठी अडकवलेली आहे. १५२९ मध्ये मार्कांतोनियो मिकिएल नावाच्या जाणकाराने हे चित्र व्हेनिसमधल्या एका घरी पाहिलं आणि टिपण केलं. चित्र कुणाचं यावर तेव्हाच वाद होता. कुणी अंतोनेल्लो म्हणे, कुणी व्हान आइक, कुणी मेमलिंग. मिकिएल साहजिकच चिठ्ठीकडे गेला. त्याने नोंदवलंय, की चिठ्ठीत चित्रकाराचं नाव असावं असं लांबून वाटतं, पण अगदी जवळून बघितलं तर एकही अक्षर नाही, सगळा आभास आहे. नुसत्या ओळीसारख्या रेघोट्या! ज्याने दुसऱ्या चित्रावर नाव, साल, चक्र सगळं लिहिलं, त्याने इथे लिहिण्याचं नुसतं सोंग केलं. पुढच्या शतकात स्पेनच्या व्हेलाझ्क्वेझने ब्रेडाच्या शरणागतीच्या चित्रात उजव्या कोपऱ्यात एक कागद काढला आणि तो पूर्ण कोरा सोडला. त्या कोऱ्या कागदावर बरंच लिहिलं गेलंय. माझ्या मते सरळ अर्थ एवढाच, की चित्र माझं आहे हे सांगायला मला चिठ्ठी लागत नाही.

आता प्रयोगशाळेकडे. समजा तुमच्यासमोर चिठ्ठी असलेलं चित्र आलं आणि विचारलं, ही चिठ्ठी चित्राइतकीच जुनी आहे का? कारण चिठ्ठी चिकटवायला सोपी असते, म्हणजे रंगाने. नाव लावलं की चित्राची किंमत वाढते, हे व्यापाऱ्यांना आपल्या आधी कळलेलं असतं. पहिली तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली, आणि तिला खर्च जवळपास शून्य. जुन्या चित्रावर भेगांचं बारीक जाळं असतं. थर वाळताना, लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगता-आकसताना ते तयार होतं. सही चित्राबरोबरची असेल तर भेग सहीलाही चिरून जाते. सही नंतरची असेल तर तिचा रंग भेगेत उतरलेला दिसतो, किंवा भेगेवरून पूल बांधल्यासारखा जातो. सही आणि चित्र यांच्यामध्ये व्हार्निशचा थर सापडला तर प्रश्नच मिटला.

दुसरी तपासणी रंगद्रव्यांची. एक्सआरएफ यंत्र चित्राला हात न लावता मूलद्रव्यं सांगतं. पांढऱ्यात शिसं असेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण शिशाचा सफेदा प्राचीन काळापासून विसाव्या शतकापर्यंत वापरात होता. जस्त असेल तर बहुधा १८३० नंतरचं. टायटॅनियमचा सफेदा असेल तर पहिल्या महायुद्धानंतरचं. निळ्यात प्रशियन ब्लू सापडला तर तो थर अठराव्या शतकाच्या आधीचा असूच शकत नाही, कारण ते द्रव्य बर्लिनमध्ये साधारण १७०४ ते १७१० च्या दरम्यान पहिल्यांदा तयार झालं. इथे तर्काची एक बाजू नीट लक्षात घ्या, तोंडी परीक्षेत यावर हमखास अडकवतात. नवं द्रव्य सापडलं तर थर नवा, हे सिद्ध होतं. जुनं द्रव्य सापडलं तर थर जुना, हे सिद्ध होत नाही. पुरावा एकाच दिशेने चालतो.

तिसरी एक्स-रे आणि इन्फ्रारेड. शिसं एक्स-रे अडवतं, म्हणून जिथे शिशाचा सफेदा जास्त, तिथे प्लेटवर उजळ दिसतं. वरून काळा कोट रंगवला तरी खालचा पांढरा कॉलर एक्स-रेत दिसतो. इन्फ्रारेड किरण बरेच रंग ओलांडून जातात, पण कार्बनचा काळा त्यांना शोषून घेतो. त्यामुळे खाली कोळशाने किंवा काजळीच्या शाईने केलेलं रेखाटन दिसतं, पुसलेली अक्षरंसुद्धा कधीकधी वाचता येतात.

हे सगळं युरोपातलं, आपल्याला काय, असं वाटत असेल तर गाडी गोव्याकडे वळवू.

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या मोठ्या तसबिरी रांगेने लावल्या आहेत. पर्यटक बहुतेक दहा मिनिटांत पुढे सरकतात. कृपा करून तसं करू नका. ही मालिका सुरू केली दों जुआंव द कास्त्रोने. दीवचा दुसरा वेढा मोडून तो १५४७ मध्ये मोठ्या थाटात गोव्यात परतला आणि आपल्या आधीच्या सगळ्या अधिपतींची चित्रं करवून घ्यायचं त्याने ठरवलं. देखरेख केली गास्पार कोरेया याने. हा बखरकार, चित्रकलेची जाण असलेला, तरुणपणी आफोन्सो द आल्बुकेर्कचा लेखनिक. आणि रंगवणारा? कोरेयाच्याच सांगण्यानुसार तो इथलाच, स्थानिक माणूस. त्याचं नाव त्याने दिलेलं नाही. म्हणजे बेल्लिनी जाऊन जेमतेम तीस वर्षं झाली होती, तेव्हा गोव्यात एक देशी चित्रकार युरोपी पद्धतीची पूर्ण उंचीची व्यक्तिचित्रं लाकडी फळ्यांवर रंगवत होता. प्रत्येक चित्रात माणूस, त्याच्या घराण्याचं चिन्ह आणि नाव-कारकीर्द सांगणारा मजकूर आहे. चिठ्ठी आहे ती राज्यकर्त्याच्या नावाची. रंगवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी कुठेच नाही.

काटेकोरपणे बघितलं तर हे कार्तेल्लिनो नव्हे. कागदाचा भास नाही, घडी नाही, सावली नाही. पण चित्राच्या चौकटीत रंगवलेलं लेबल या अर्थाने ते त्याच कुळातलं आहे, आणि आपल्या प्रश्नासाठी तर अधिक उपयोगी. कारण इथे लेबलांचं पुढे काय झालं ते बघा. गोव्याची हवा, पावसाळा, वाळवी. फळ्या खराब होत गेल्या आणि पुन्हा पुन्हा रंगवल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात तर मोठ्या प्रमाणावर. ज्याला आपण आज दुरुस्ती म्हणतो ती ही नव्हे. जुन्या चेहऱ्यावर नवा चेहरा, जुन्या कपड्यांवर नवे कपडे, जुन्या अक्षरांवर नवी अक्षरं. १९५० च्या दशकात काही फळ्या लिस्बनला नेल्या, तिथे एक्स-रे काढले आणि खालचे थर दिसू लागले. वरच्या माणसाखाली दुसरं चित्र! नाव एका थराचं, चेहरा दुसऱ्या थराचा, अशी स्थिती. कोण कोण आहे यावर अभ्यासकांना नव्याने भांडावं लागलं. त्यातल्या काही फळ्या लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात राहिल्या, आल्बुकेर्कची प्रसिद्ध तसबीर त्यातलीच.

तिसरा पुरावा इथेही बाहेरूनच येतो. १५५८ ते १५६४ च्या दरम्यानचं लिझुआर्ते द आब्रेऊचं एक सचित्र हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. त्यात गव्हर्नरांची चित्रं आहेत, आणि ती नंतरच्या रंगरंगोटीच्या कितीतरी आधीची. फळीचा खालचा थर आणि हस्तलिखित यांची तुलना करता येते. नुसतं तर्काने बघितलं तरी काही प्रश्न पडतात. कोरेया भारतात आला १५१२ मध्ये. पहिला व्हाइसरॉय आल्मेइदा १५०९ मध्ये इथून निघाला आणि १५१० मध्ये आफ्रिकेच्या टोकाजवळ मारला गेला. म्हणजे आल्बुकेर्कचा चेहरा कोरेयाने रोज पाहिलेला, पण आल्मेइदाला त्याने भारतात पाहणं शक्यच नाही. दोन्ही चित्रं एकाच मालिकेत, एकाच मापाची, दोन्हींखाली तितक्याच ठाम अक्षरात नाव. लेबलचा ठामपणा आणि माहितीचा दर्जा यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आणि आता आमचं तेर. मी इथलीच, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीतून, पावसाने उघड्या पडलेल्या मातीतून आयुष्यभर वस्तू गोळा केल्या. मणी, मृण्मूर्ती, नाणी, शंखाचं, हस्तिदंताचं काम. त्यातून आजचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. त्यातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती जगभर माहीत आहे, कारण तिची जवळची नातेवाईक इटलीत सापडली. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात आमेदेओ माय्युरी यांना साधारण २५ सेंटिमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. माय्युरींनी तिला नाव दिलं ‘लक्ष्मी’. झालं, लेबल लागलं. आजही जिकडेतिकडे ती ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणूनच छापली जाते. पण तिच्या हातात कमळ नाही, अभिषेक करणारे हत्ती नाहीत. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन छोट्या दासी, वरून खाली भोक पाडलेलं. बहुतेक अभ्यासक तिला आता यक्षी मानतात. ती आरशाची मूठ असावी किंवा लाकडी सामानाचा पाय. तेर आणि भोकरदनच्या मूर्तींशी तिचं इतकं साम्य आहे, की ती दख्खनची असावी असं म्हणणारे बरेच आहेत.

पण तिच्या तळाशी एक खरोखरचं, कोरलेलं लेबल आहे: ‘शि’ असं एक अक्षर, खरोष्ठी लिपीत. खरोष्ठी वायव्य भारताची, गांधारकडची. दख्खनमध्ये ब्राह्मी. मग शैली म्हणते दख्खन, अक्षर म्हणतं वायव्य! अंतोनेल्लोच्या चिठ्ठीसारखाच पेच. अक्षर हे जोडकाम करणाऱ्या कारागिराची खूण असू शकतं, म्हणजे मूर्ती घडली एकीकडे आणि सामानात बसवली दुसरीकडे. किंवा कारागीरच फिरता. एक गोष्ट मात्र पक्की. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याच्या आधीची. तेरच्या मूर्तीला असा ज्वालामुखी मिळाला नाही. ती कुठल्या थरातून आली याची नोंद नसल्याने तिचा काळ बराचसा पॉम्पेईच्या बहिणीवरून ठरवावा लागतो. म्हणून उत्खनन करणारे लोक पिशवीवरच्या चिठ्ठीत खड्डा, थर, खोली, तारीख लिहायला इतके हट्टी असतात. वस्तू जपली जाते, पण न लिहिलेला थर कुठल्याही यंत्राने परत येत नाही.

खुद्द तेरच्या नावाचीही अशीच कथा. इ.स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत ‘तगर’ हे दख्खनचं मोठं शहर सांगितलंय, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. शिलाहार राजे कोकणात राज्य करतानाही ‘तगरपुरवराधीश्वर’ असं बिरुद लावत. म्हणजे नाव होतं, दरारा होता, गाव मात्र सापडत नव्हतं. विल्फर्डने ते लेबल देवगिरीला लावलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरला, रा. गो. भांडारकरांनी धारूरला. एक चिठ्ठी, तीन मालक. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ती तेरला लावली आणि पाठोपाठ हेन्री कझन्स यांनी इथली जुनी वास्तू पाहून अहवाल लिहिला. आजवर तीच टिकली आहे.

टिकली का, ते तपासून बघा. पैठण ते तेर सरळ रेषेत साधारण १५० किलोमीटर. गाडीवाट दिवसाला पंधराएक किलोमीटर धरली तर दहा दिवस बरोबर बसतात. दिशा मात्र पुस्तिकेत पूर्व आहे आणि तेर आहे आग्नेयेला. हे न जुळणारं टोक लपवायचं नसतं, लिहायचं असतं. त्याच्या विरुद्ध बाजूला तगर-तेर हे नावातलं नातं आणि सातवाहन काळाच्या भक्कम वस्तीचे जमिनीतले पुरावे. एकट्या कुठल्या पुराव्यावर हे उभं नाही, पण धारूर किंवा जुन्नरच्या बाजूने एवढं सगळं एकत्र येत नाही. आमच्या गावच्या गोरोबाकाकांबद्दल सांगतात, की कच्चं मडकं कोणतं ते थापटण्याने वाजवून ओळखायचे. मडक्यावर लिहिलेलं वाचून नव्हे.

नाणेघाट चढला असाल तर तिथल्या लेण्यात याचं उलट टोकही पाहिलं असेल. भिंतीवर सातवाहन घराण्याच्या प्रतिमांची रांग होती आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ब्राह्मीत नाव: सिमुक सातवाहन, नायनिका आणि सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. प्रतिमा केव्हाच गेल्या, काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. नावं जागच्या जागी आहेत. गोव्यात चेहरे आहेत आणि नावांचा भरवसा नाही, नाणेघाटात नावं पक्की आहेत आणि चेहरेच नाहीत.

पुढच्या लेखात एक्सआरएफचा आलेख कसा वाचायचा ते बघू. शिशाची आणि आर्सेनिकची रेघ एकमेकींवर येते आणि त्यातून हरताळाबद्दल कसे चुकीचे निष्कर्ष निघतात, तिथून सुरुवात करते. तोवर शके १९४७ चं संवत्सर वरच्या गणिताने काढून ठेवा आणि घरातल्या पंचांगाशी ताडून बघा.